वालाच्या शेंगेएवढा आवाज

माघ सरत आला की आमच्या परसातल्या वालाच्या शेंगा वेलावरच वाळतात. दुपारचं ऊन चढलं, वारा पडला, की त्यांतली एखादी आपली आपणच तडकते आणि दोन-तीन दाणे मातीत उडतात. फार बारीक आवाज असतो तो. टक्. जिभेने टाळूला हलकेच स्पर्श करून सोडावं, इतकाच. झाडावरचा पक्षी त्याने उडत नाही, खाटेवर पहुडलेलं माणूस कूस बदलत नाही. शेंग फुटली हे कळतं ते संध्याकाळी, पिळवटलेली रिकामी टरफलं वेलावर लोंबताना दिसतात तेव्हा. अशा निरुपद्रवी, जवळजवळ प्रेमळ म्हणावा अशा आवाजाला कुणी घाबरेल का? मी घाबरतो. गेली चाळीस वर्षं माघ-फाल्गुनातल्या दुपारी मी परसात बसलेलो नाही.

आणि यंदा हाच आवाज मी पनवेलच्या बाजारात ऐकला, खेळाच्या सामानाच्या एका दुकानात, काचेच्या टेबलापाशी उभा राहून. चिंध्या ठासून भरलेल्या लाकडी खोक्यावर दुकानदार इक्बालभाईंनी एक काळं, सडपातळ पिस्तूल रोखलं आणि चाप ओढला. टक्. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या सुनेचा चेहरा खुलला. मी मात्र टेबलाची कड धरली.

माझी सून मृणाल बेचाळीस वर्षांची आहे. माझा मुलगा जहाजावर असतो. वर्षातले आठ महिने या घरात आम्ही दोघंच. ती जासईच्या बाजूला कंटेनरांच्या मोठ्या गोदामात नोकरी करते. तिथे दिवसभर लोखंडावर लोखंड आदळतं, ट्रक भोंगे वाजवतात, आणि माणसं एकमेकांशी बोलतात तीही ओरडूनच. ती घरी येते तेव्हा बराच वेळ तिचाही आवाज चढलेला असतो. मग तिचं तिलाच हसू येतं. दोन वर्षांपूर्वी कुणा मैत्रिणीच्या नादाने ती रविवारी नेमबाजी शिकायला जाऊ लागली आणि तिला तिथे जणू स्वतःचा श्वास सापडला. "बाबा, ते दहा मीटर असतात ना, तेवढ्यात सगळं जग गप्प होतं," असं ती मला एकदा म्हणाली. मग घरच्या परसात रोज थोडा सराव करावा, म्हणून स्वतःचं पिस्तूल घ्यायचं तिने ठरवलं. हवेवर चालणारं, छर्‍यांचं. कधीकाळी मीही हौसेने नेम धरत असे, हे माझ्या पत्नीने जाण्यापूर्वी तिला केव्हातरी सांगून ठेवलं होतं. झालं! निवड माझ्यावर आली.

"तुम्ही म्हणाल ते घेऊ. माझी अट एकच, आवाज नको. पलीकडे वेणूआत्या एकट्या असतात. त्यांना कळलंसुद्धा नाही पाहिजे."

कळलंसुद्धा नाही पाहिजे! किती सौजन्याचं वाक्य! शेजारधर्म म्हणतात तो याहून वेगळा काय असतो? आणि त्या सौजन्याने माझ्या छातीत काय झालं, ते तिला कसं सांगायचं होतं?

इक्बालभाईंनी तीन पिस्तुलं मांडली होती. पहिलं गॅसच्या कुपीवर चालणारं. ते फटाक्यासारखं वाजलं आणि रस्त्यावरच्या दोघांनी वळून पाहिलं. दुसरं स्प्रिंगचं; त्याचा खटका जुन्या दाराच्या कडीसारखा. तिसरं ते काळं, एका दाबात हवा भरायची आणि सोडायची. "काका, तसल्ली ठेवा," ते म्हणाले, "हे उडवलं तर बाजूच्या खोलीतलं बाळ झोपेतून उठणार नाही. आणि एक गोष्ट ध्यानात घ्या. लोक बंदुकीचा आवाज विचारतात. पण निम्मा आवाज बंदुकीचा असतो, निम्मा छर्रा जिथे लागतो तिथला."

ते बिचारे चिंध्यांच्या खोक्याविषयी बोलत होते. मी "उद्या सांगतो" म्हणून बाहेर पडलो. वडाळे तळ्याच्या काठावर मृणालने मला बसवलं, पाणी दिलं, उन्हाला दोष दिला. मी मान हलवली. दोष दुसऱ्याला देणं मला जमतं. फार पूर्वीपासून जमतं.

वाचणाऱ्या मित्रा, आता तुला सांगायला हवं. हे मी इतकी वर्षं मनात इतक्यांदा लिहिलं आहे, की प्रत्यक्ष लिहिताना सुरुवात कुठून करावी, ते मलाच कळत नाही.

मी तेव्हा एका मिठागराच्या कचेरीत कारकून होतो. वय छत्तीस. अंगात हौस होती, आणि हौसेपायी घेतलेलं एक छर्‍यांचं पिस्तूल होतं. परसाच्या टोकाला मी पत्र्याचा डबा टांगत असे. त्याच्यामागे छर्रे अडवायला काहीतरी हवं. दुसऱ्या गावचा माणूस विटा रचता, वाळूची पोती आणता. मी मिठागराचा माणूस! वाफ्याच्या तळाचं, चिखल मिसळलेलं, कुणी न घेणारं मीठ आमच्याकडे ढिगाने पडलेलं असे. तेच पोत्यांत भरून आणलं आणि छातीएवढी भिंत रचली. छर्रा त्यात असा रुते, की जणू लोण्यात बोट. मला माझ्या युक्तीचा भारी अभिमान होता. साऱ्या उन्हाळाभर मी नेम धरला. मग पाऊस आला आणि पिस्तूल कपाटात गेलं.

मीठ पावसाळ्यात काय करतं हे मला माहीत नव्हतं का? ते तर माझ्या कचेरीतला शिपाईही जाणत होता. मीठ ओल ओढतं, पाझरतं, बसतं. आगरावर मिठाचे ढीग पावसाआधी पेंढ्याने शाकारतात ते काय शोभेसाठी? चार महिन्यांत माझी ती भिंत आतून पाझरत वीतभर खाली बसली होती. पोती तीच, रांग तीच, वरून पाहणाऱ्याला सारं जिथल्या तिथे. आणि मी पुढच्या फाल्गुनात, त्या हंगामात पहिल्यांदाच, जुन्या खिळ्याला जुन्याच उंचीवर डबा टांगला. हात लावून पाहिलं नाही. जिच्यावर आपला विश्वास असतो, त्या भिंतीला माणूस हात लावून कुठे पाहतो?

पोत्यांमागे मेंदीचं कुंपण होतं आणि कुंपणापलीकडे वेणूचं अंगण. वेणू, म्हणजे आजच्या वेणूताई, तेव्हा लग्न होऊन नुकतीच आलेली. आगरी घर, भातशेती, मिठागरात मजुरी, सासऱ्यांचा दरारा. उन्हाळ्याचे मसाले कुटण्या-वाटण्याआधी घरोघर पाट्याला टाकी घालून घेण्याचे ते दिवस. वर्षभर वाटून वाटून पाटा गुळगुळीत होतो, मग टाकीवाली येते आणि छिन्नी-हातोडीने त्याच्या अंगावर बारीक बारीक खळगे पाडून त्याला पुन्हा खरखरीत करते. त्या दुपारी अशीच एक बाई वेणूच्या अंगणात बसली होती. तिच्या टाकीचा आवाज मला ऐकू येत होता, टक् टक् टक्, आणि माझ्या पिस्तुलाचा आवाज त्यात असा मिसळून जाई, की माझा मलाही ओळखू येऊ नये. मला तर त्याची गंमत वाटली होती.

तिसरा छर्रा डब्याला लागला नाही. पत्रा वाजला नाही, पोतं दबलं नाही. क्षणभर काहीच झालं नाही. मग कुंपणापलीकडून किंकाळी आली.

निम्मा आवाज छर्रा जिथे लागतो तिथला. हे मला इक्बालभाईंनी सांगायला हवं होतं का?

मी मेंदीतून पाहिलं. वेणू पाट्याजवळ उभी होती ती खाली बसली होती, डावा डोळा दोन्ही हातांनी झाकून. सासरे धावत आले होते. पाटा, टाकी, डोळा. तिन्ही गोष्टी एका जागी होत्या, तेव्हा निवाडा करायला कुणाला कितीसा वेळ लागणार? "कपची उडवलीस! माज्या सुनंचा डोला फोरलास!" असं ओरडत ते त्या बाईवर धावून गेले. ती उठून उभी राहिली. सावळी, उंच, कपाळावर गोंदण. मला तिचं वाक्य आजही तिच्याच आवाजात ऐकू येतं. "दादा, माझी कपची न्हाई उडाली. मी टाकी खाली ठिवली व्हती. पानी मारत व्हते दगडावर."

ते खरं होतं. टाकीचा आवाज थांबला होता. त्या थांबलेल्या क्षणीच मी चाप ओढला होता.

सासऱ्यांची नजर कुंपणावर गेली. मी दिसलो. माझे हात पाठीमागे होते. "साहेब, तुमी हतंच हाव. तुमी बघितलाव ना?"

या प्रश्नाला उत्तर द्यायला मला किती वेळ मिळाला? एक श्वास. त्या बाईने माझ्याकडे पाहिलं, आणि मी पांढऱ्या सदऱ्यातला, शिकलेला, कचेरीतला माणूस, म्हणालो, "कपचीच असणार. दुसरं काय?"

छर्रा ही चूक होती. हे वाक्य ही चूक नव्हती.

सासऱ्यांनी तिची टाकी आणि हातोडी उचलून विहिरीत फेकली. पाण्याचे दोन आवाज झाले, एक लहान, एक मोठा. ती विहिरीच्या कठड्याशी गेली, आत वाकून पाहिलं, आणि रिकामी झोळी खांद्याला अडकवून चालती झाली. पुन्हा कोणतीच टाकीवाली आमच्या आळीत आली नाही. तिच्या माणसांत ही गोष्ट पसरली असणार. तिचं नाव काय होतं? मी विचारलं नव्हतं. कुणीच विचारलं नव्हतं.

वेणूला मुंबईच्या इस्पितळात न्यायला मीच पुढे झालो. डॉक्टर म्हणाले, काहीतरी कठीण वस्तू जोरात लागली आहे, नजर येणार नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या अंगणात पाट्याच्या आडोशाला तो छर्रा मला सापडला, एका बाजूने चपटा झालेला. तो मी कुंकवाच्या एका जुन्या डबीत ठेवला. पिस्तूल खाडीत टाकलं. पोती फोडून मीठ तिथेच पसरलं, आणि पुढची कित्येक वर्षं त्या जागी गवताची काडी उगवली नाही. माझी पत्नी त्या दिवसांत माहेरी होती. परतल्यावर तिने विचारलं, "नेम का हो सोडला?" मी म्हणालो, "कंटाळा आला." ती ते उत्तर बरोबर घेऊन गेली.

आणि वेणूताई? तिला सख्खा भाऊ नव्हता. इस्पितळाच्या धावपळीनंतर तिने मला भाऊ केलं. दर भाऊबीजेला ती ताट घेऊन येते, निरांजनाच्या उजेडात तिचा एक डोळा चमकतो आणि एक चमकत नाही, आणि ती म्हणते, "भाऊ, तुमी नसतावं तं मी कवाच मेली असती." चाळीस निरांजनं! देवाने शिक्षा दिली असती तर ती एवढी नियमित दिली असती का? मला भीती चोरी पकडली जाण्याची नव्हती. मला भीती त्या ताटाची होती; ते एक दिवस येणार नाही याची, आणि ते दरवर्षी येतच राहील याचीही.

दुकानातून परतल्यावर मृणाल म्हणाली, "बाबा, ते काळंच घेऊ ना? तेवढं वेणूआत्यांच्या कानावर घालून या. आवाज येणार नाही म्हणावं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो. जुन्या घराच्या जागी आता त्यांचं तीन मजली घर आहे. जमिनी गेल्या, पैसे आले, मुलगे द्रोणागिरीकडे राहायला गेले. वेणूताई तळमजल्यावर एकट्या असतात. पायरीवर बसून वाल सोलत होत्या. मेंदी जाऊन आता मध्ये विटांची भिंत आहे. तिला वळसा घालून पोचायला मला दोन मिनिटं लागतात. त्या दिवशी किती लागली ते सांगता येणार नाही.

"या भाऊ. तोंड असा काय झालाय? सुनंनी जेवाया नाय घातला काय?"

"मृणाल बंदूक घेतेय. छर्‍यांची. परसात नेम धरायला. आवाज होणार नाही."

"घेऊ दे का. बायकांनी नेम धरलाच पायजे. आमी जल्मभर धरला तो वरवंट्यानी." आणि त्या हसल्या. मी हसलो नाही. मी डबी उघडली आणि तो चपटा छर्रा त्यांच्या तळहातावर, वालाच्या दाण्यांशेजारी ठेवला. मग जे होतं ते सगळं सांगितलं. मिठाची पोती, डबा, पाठीमागचे हात, आणि ते वाक्य. बोलताना माझा आवाज इतका बारीक निघत होता, की त्यांना पुढे वाकावं लागलं.

त्यांनी छर्रा उजव्या डोळ्याजवळ नेला. बराच वेळ पाहिला. "एवराचसा?" एवढंच म्हणाल्या. मग त्यांनी मूठ मिटली.

मला वाटलं होतं त्या डोळ्यासाठी रडतील. मारतील तरी चालेल, असंही वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "आनि ती टाकीवाली?"

मी मान खाली घातली.

"रोज वाटन वाटताना मी तिला शिव्या दिल्या, भाऊ. रोज. तुजा हात झरो, तुजी पोरा उपाशी मरोत, असा बोलत मी या घरानं मसाला वाटला. पाट्याला परत टाकी लावली नाय, तिच्या रागानी. माजा डोला गेला, तो गेला. पन माजा तोंड तू इटालवलास. त्या बायची माफी आता मी कनाकडं मागू?"

चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला 'तू' म्हटलं. मी उठलो. फाटकाशी पोचलो तेव्हा मागून त्यांचा आवाज आला. कोरडा, परक्या माणसाशी बोलावा तसा.

"सुनला सांग, मुकी बंदूक आनू नको. वाजनारी आन म्हनावा. माज्या घराच्या बाजूला कोन कवा नेम धरतंय, ता मना आयकू आला पायजे."

तेव्हा निवड झाली ती अशी. मृणालला मी सगळं सांगितलं. तिने पर्स उचलली आणि म्हणाली, "मी जाऊन येते, दुकान बंद होईल." तीच पुढे होऊन गॅसच्या कुपीचं, रस्त्यावरची माणसं वळवणारं पिस्तूल घेऊन आली. इक्बालभाई चकित झाले म्हणे. आवाज नको म्हणणारी खूप येतात, आवाज हवा म्हणणारी पहिलीच. लक्ष्य आम्ही वेणूताईंच्या भिंतीकडे नव्हे, दुसऱ्या बाजूला लावलं, नव्या इमारतीची खिडकी नसलेली उंच भिंत आहे तिथे. चिंध्यांचं खोकं, त्यामागे जाड फळी. ती फळी मी रोज हाताने दाबून पाहतो. सुरू करण्याआधी मृणाल भिंतीवरून हाक देते, "आत्या, सुरू करतेय!" पलीकडून उत्तर येतं, "कर गो." ते उत्तर तिला असतं. मला नसतं. दरवेळी फटका वाजला की माझा डावा डोळा आपोआप मिटतो, आणि मी पलीकडच्या शांततेला कान लावून बसतो. ती किंकाळी येत नाही. तरी मी वाट पाहतो. भीती अशी सांगून टाकल्याने जाते, असं कुणी म्हटलं असेल तर त्याने ती सांगून पाहिलेली नसावी.

मधल्या काळात मी पळस्प्याला जाऊन आलो. हमरस्त्याच्या कडेला पाटे-वरवंटे, खल मांडून काही कुटुंबं बसतात. चाळीस वर्षांपूर्वीची, उंच, कपाळावर गोंदण असलेली बाई कुणाला आठवते का, असं विचारत उन्हात फिरलो. एका म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "बाबा, गोंदन तर आमच्यात सगळ्यांच्याच कपाळाला असतंय." याहून अधिक काही मिळालं नाही. मिळण्याचा हक्क तरी कुठे होता?

काल फाल्गुनातली दुपार होती. रविवार. मृणाल पिस्तूल घेऊन परसात आली, हाक देण्यासाठी भिंतीकडे वळली, आणि थांबली. पलीकडून आवाज येत होता. टक् टक् टक्.

शेंग नव्हती ती. दगडावर लोखंड होतं. वेणूताईंनी तो गुळगुळीत झालेला पाटा बाहेर काढला होता. त्यांच्या अंगणात टाकी पडत होती, चाळीस वर्षांनी.

मृणालने विचारलं, "बाबा, करू का सुरू?" मी तिच्या हातावर हात ठेवला. "नको. आधी त्यांचं होऊ दे." आणि मग भिंतीला धरून मी उभा राहिलो. वेणूताई पायरीवर बसल्या होत्या. त्यांनी मला पाहिलं आणि नजर वळवली. पाट्यासमोर तिशीतली एक बाई होती, डोक्याला रुमाल, पापण्यांवर दगडाची धूळ. पळस्प्याहून बोलावून आणलेली असावी. माझे दोन्ही हात मी भिंतीवर, तिला दिसतील असे ठेवले.

"बाई, तुमचं नाव काय?"

तिने मान वर केली. टाकी थांबली. त्या थांबण्याने माझ्या अंगावर काटा आला.

"कशाला ओ आजोबा?" ती हसून म्हणाली. "कपची उडाली तर तक्रार कराया?"

"नाही," मी म्हणालो. "उडाली नाही, तर ते सांगायला."

तिला काही उमगलं नाही. तिने वेणूताईंकडे पाहिलं. वेणूताईंनी वर पाहिलं नाही. पण मांडीवरच्या सुपात वाल निवडणारी त्यांची बोटं थांबली होती.

"सांग त्यांना, बाय," त्या म्हणाल्या.

"सखूबाई," ती म्हणाली आणि पुन्हा दगडावर वाकली. मी ते नाव मोठ्याने उच्चारलं, भिंतीच्या दोन्ही बाजूंना ऐकू जाईल असं. मग खाली बसलो, आणि टाकीचे घाव संपेपर्यंत, भर दुपारी, परसात बसून राहिलो. मध्येच माझ्यामागे वेलावर एक शेंग तडकली. मी दचकलो. पण उठून आत गेलो नाही.